तिसऱ्या सशाला ताप का आला नाही

तिसऱ्या सशाला ताप आलाच नाही.

"पुन्हा लावा," मी पाष्ट्यांना म्हटलं. "थर्मामीटर नीट आत गेला नसेल."

"नीटच गेलाय बाय. ह्याला काय धाड भरलेली नाय. मजेत हाय ह्यो."

ससा खरंच मजेत होता. लाकडी पेटीतून मान बाहेर काढून, नाक फेंदारत माझ्याकडे बघत होता. शेजारच्या दोन पेट्यांमधले दोघे मात्र अंग चोरून बसले होते आणि त्यांचे कान हाताला गार लागत होते. ताप चढायला लागला की सशाचे आधी कान गार पडतात, माणसाचे हातपाय पडतात तसे.

दाराशी स्टुलावर परकारभाई बसले होते. ससेघरात मोठ्यानं बोलायची बंदी, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया वर करून विचारलं. मी मान हलवली. दोघांच्याच तापानं तिघांच्या बेरजेची मर्यादा ओलांडली होती. लसीची बॅच पहिल्या फेरीला नापास झाली होती.

परकारभाई उठले, टोपी हातात घेतली आणि घोड्यांच्या पागेकडे चालू लागले. त्यांची पाठ बघून मला इतका राग आला की हातातली मोजपट्टी मी टेबलावर आपटली. ससा दचकला. पाष्टे म्हणाले, "बघा, आता ह्यो पण तापल."

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी वाकणघर नावाच्या गावात एका ट्रस्टची लसशाळा होती. तिथे सापाची लस बनायची. सापाचं विष थोडं थोडं घोड्याला टोचायचं, घोड्याचं रक्त त्या विषावर उतारा तयार करतं, तो उतारा रक्तातून वेगळा काढून बाटलीत भरायचा. हे सगळं काम इक्बाल परकारांचं. घोडेही त्यांचे, लसही त्यांची. पण बाटली बाहेर जायच्या आधी एक परीक्षा असे, आणि ती आमच्या ससेघरात. सशाच्या कानाच्या शिरेत लस टोचायची आणि तासन्‌तास त्याचा ताप बघत बसायचं. सशाला ताप आला तर माणसालाही येणार. आणि अंगात आधीच विष चढलेल्या माणसाला लसीमुळे थंडी वाजून ताप भरला तर तो हातचा जातो. म्हणून ताप आणणारी बॅच ओतून टाकायची, असा नियम होता आणि तो योग्यच होता.

त्या वर्षी दोन बॅचा आधीच ओतल्या गेल्या होत्या. पागेमागच्या गटारात. परकारभाई दोन्ही वेळा जवळ उभे राहून बघत होते. आता ही तिसरी. भाताच्या लावण्या सुरू झालेल्या, बाया-माणसं दिवसभर चिखलात हात घालून उभी, आणि खाचराच्या बांधाबांधांत फुरशी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून रोज फोन यायचा: लस आहे का? आमच्याकडे लस होती, खोकीच्या खोकी भरून होती. देता येत नव्हती.

मी त्या होळीच्या सुमारास रुजू झाले होते. फलटणची पोर, एम.एस्सी. झालेली, नाकावर राग घेऊनच जन्माला आलेली. ससेघरात काम करणारी मी पहिलीच बाई. आणि नेमकं मी आल्यापासूनच ससे तापायला लागले होते. याचा अर्थ काय, ते लसशाळेतल्या प्रत्येकाला कळलं होतं. पाष्टे तर तोंडावर बोलायचे. तुकाराम पाष्टे, ससे धरायला होते, वीस वर्षांचे जुने.

"तुमच्यावर राग न्हाय बाय," असं म्हणूनच सुरुवात करायचे. "पण सशाला बाईमाणसाचा हात सोसत न्हाय. तापट जनावर हाय."

"तापट ससा? उद्या म्हणाल वाघ लाजाळू आहे."

"तुम्ही कायपण बोला. पयले तापत नव्हते, आता तापतात. मंग मधी काय बदललं?"

या प्रश्नावर मी आणखीच चिडायचे.

तिसऱ्या सशाचा निकाल घेऊन मी टिपणीस डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉ. भास्कर टिपणीस तपासणीचे प्रमुख. आयुष्यभर सरकारी इस्पितळांत काढून निवृत्त झाले आणि ट्रस्टच्या आग्रहानं इथे आले. कपड्याला इस्त्री कडक, बोलणं मोजकं, आणि स्वच्छतेच्या बाबतीत इतके करडे की पाष्टे त्यांना बघून आपोआप हात धुवायला जायचे. त्या सकाळपासून त्यांचं डोकं फिरलेलं होतं, कारण सकाळीच त्यांच्या खोलीत एक काचेची सिरिंज तडकली होती. ती खळ्ळकन वाजलेली आणि त्यावर त्यांचं "शी!" मी ससेघरातून ऐकलं होतं.

परकारभाई पागेतून परत येऊन तिथेच बसलेले होते.

"दोन तापले," मी म्हटलं. "तिसरा नाही."

"नियम काय सांगतो?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना माहीत होता. त्यांना तो माझ्या तोंडून ऐकायचा होता.

"आणखी पाच सशांवर एकदा पुन्हा बघता येतं, मग आठांची बेरीज धरायची, तिची मर्यादा मोठी असते. तेवढीच एक संधी."

"आधीच्या तपासणीनंतर विश्रांती झालेले ससे किती?"

"सहा."

"ठीक. परवा पाचांवर करू. तेही तापले तर परकार, मला क्षमा करा, ही पण ओतावी लागेल. आणि ट्रस्टचं पत्र तुम्हाला ठाऊक आहे. तिसरी बॅच गेली तर या हंगामात चौथी धरायची नाही."

परकारभाई म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घोडे तेच, विष तेच, पाणी तेच. बारा वर्षांत माझी एक बॅच तापली नाही. मी कुठं चुकतोय तेवढं सांगा. मी घोड्याची मान कापत नाही, पण रक्त तर काढतो ना? त्या मुक्या जिवाला काय सांगू, तुझं रक्त गटारात गेलं म्हणून?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग माझ्याकडे वळले. "रणपिसे, परवाची तपासणी मी आणि पाष्टे करू. तुम्ही तोवर लेबलांच्या विभागात बसा."

माझे कान गरम झाले. "माझा हात म्हणून का, सर?"

"मी असलं काही मानत नाही. पण एक एक गोष्ट बदलून बघायला हवी. तुम्ही विज्ञान शिकलात. तुम्हाला हे पटायला हवं."

हेच तर वाईट होतं. मला पटलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण पटलं म्हणून राग काही जात नाही.

"मग तिसरा का नाही तापला?" मी म्हटलं. "हात माझा होता ना? तिन्ही सशांना मीच टोचलं."

"काहींची प्रकृतीच काटक असते," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. म्हणजे बोलणं संपलं.

मी तडक पाष्ट्यांना गाठलं. ते ससेघरामागे पेट्या धूत होते.

"पाष्टे, तिसऱ्या सशाला काय वेगळं दिलंत?"

"आता माझ्यावर आला का? तुमीच टोचला की."

"लस तीच. सुई घालणारा हात तोच. सलाइन तेच. मग वेगळं काय?" आणि बोलता बोलताच मला सकाळचा तो आवाज आठवला. "सिरिंज फुटली होती ना सकाळी? मग तिसरी कुठून आणलीत?"

पाष्ट्यांनी ब्रश खाली ठेवला. इकडेतिकडे बघितलं. "डाक्टरला सांगू नका."

"नाही सांगत."

"कपाटातून आणली. वव्हनमधून काढलेली असतेत ती, कागदात गुंडाळलेली. डाक्टर बोलला दुसरी घे, उकळायला टाक. पण पुन्यांदा स्टोव्ह पेटवा, पुन्यांदा पाणी तापवा, आन ससा पेटीत बसून कातावलेला. मी म्हटलं मरू दे. तशीच दिली तुमाला."

"तशीच म्हणजे? आणि बाकीच्या दोन?"

"त्या उकळलेल्या. रोजच्या पूजेतल्या."

"कसली पूजा?"

आता पाष्टे माझ्याकडे येडपटाकडे बघावं तसे बघायला लागले. मग त्यांनी सांगितलं. टिपणीस डॉक्टर आल्या दिवसापासून रोज सकाळी आपल्या खोलीत स्टोव्ह पेटवत. मागच्या विहिरीचं पाणी भांड्यात घेत. ओव्हनमधून निघालेल्या सिरिंजा आणि सुया कागदातून सोडवून त्या पाण्यात टाकत आणि घड्याळ हातात धरून खळखळा उकळत. मग चिमट्यानं उचलून, जोडून, झाकलेल्या ट्रेमधून माझ्याकडे धाडत. आधीच्या साहेबांच्या वेळी हे नव्हतं. तेव्हा ओव्हनमधून काढलं की थेट सशाला. स्टोव्हचा आवाज मलाही रोज यायचा. चिमटे-कात्र्या उकळत असतील, असं मला वाटायचं.

मी तिथेच पेटीवर बसले. मला हसू येत होतं. आम्ही दोघं एकाच महिन्यात रुजू झालो होतो, मी आणि डॉक्टर. संशय घेताना मात्र सगळ्या लसशाळेला एकटी मीच दिसले होते.

संध्याकाळी पागेत जाऊन मी परकारभाईंना सगळं सांगितलं. ते एका घोडीच्या मानेवर हात फिरवत ऐकत राहिले.

"उकळल्यानं बिघडतं?" ते म्हणाले. "कुंदाबाई, हे तुम्ही त्यांना सांगणार? अहो, त्या माणसाला पाणी उकळलेलं नसेल तर चहासुद्धा चालत नाही."

"उद्या सांगते. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा."

"उभा राहतो. बोलणार नाही हं. मी बोललो की म्हणतील, ह्याला आपली बॅच वाचवायची आहे."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले तेव्हा स्टोव्ह चालूच होता. चिमटे उकळत होते. परकारभाई दाराला टेकून उभे राहिले. पाष्टे पाण्याची बादली घेऊन आत आले होते, ते बाहेर जाईनात.

"सर, उद्या सिरिंजा उकळू नका," मी म्हटलं. "ओव्हनमधून काढलेल्या कोरड्याच वापरू द्या."

डॉक्टरांनी वर बघितलं. "काय म्हणालात?"

"ताप लसीत नाही. सिरिंजेत आहे."

"उकळलेल्या सिरिंजेत?"

"हो."

"रणपिसे, उकळल्यावर जंतू मरतात की जगतात?"

"मरतात. एकूण एक मरतात. पण मेलेलेच ताप आणतात, सर. विहिरीच्या पाण्यातले जंतू मेले तरी त्यांच्या अंगाचा चिकटा काचेला राहतो. उकळीनं तो जात नाही. दुधाचं पातेलं कितीही उकळलं तरी बुडाला धरलेलं सुटत नाही, तसं. तो फक्त ओव्हनच्या कोरड्या आचेत जळून जातो. आपण ओव्हनमध्ये तो जाळतो आणि दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्यात घालून पुन्हा चिकटवून घेतो."

"मी तीस वर्षं उकळलेल्या सुयांनी इंजेक्शनं दिली. हजारो. कोणाला ताप आला नाही."

"तुम्ही दंडात देत होता, थेंबभर औषध. इथे पिचकारीभर लस थेट शिरेत जाते, आणि तीही सशाएवढ्या जिवाच्या."

डॉक्टरांनी स्टोव्ह बंद केला.

"पुरावा?"

"तिसरा ससा. त्याची सिरिंज उकळलेली नव्हती."

"ती मी उकळायला सांगितली होती."

मी पाष्ट्यांकडे बघितलं नाही. "मी कपाटातून घेतली, सर. तशीच. न विचारता."

टिपणीस डॉक्टर उठून उभे राहिले. चिडलेले मी त्यांना पुष्कळदा पाहिले होते, पण हे निराळं होतं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"धुळ्याला माझ्याकडे एक कंपाउंडर होता. घाईत होता, म्हणून त्यानं सुई नुसती पुसून घेतली. चार वर्षांची मुलगी होती, साधा खोकला घेऊन आलेली. दंड पिकला, विष अंगभर गेलं. तिचं नाव मला अजून झोपेत आठवतं. त्या दिवसापासून माझ्या हाताखाली न उकळलेली सुई कोणाच्याही अंगात गेलेली नाही. सशाच्याही नाही. आणि तुम्ही मला न विचारता…"

"बाय खोटं बोलतेय," पाष्टे म्हणाले.

बादली अजून त्यांच्या हातातच होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"सिरिंज मी आणली, डाक्टर. कंटाळा केला म्हणून. बायला ठाऊक पन नव्हता. काल खोदून खोदून इचारलान तवा सांगितला. काढायचा असल तर मला काढा."

मला पाष्ट्यांचा इतका राग यायचा, पण त्या क्षणी त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. कालपर्यंत माझ्या हाताला नावं ठेवणारा माणूस वीस वर्षांची नोकरी समोर ठेवून उभा होता.

डॉक्टर खिडकीशी गेले. बाहेर घोडे चरत होते.

"ससे सहा आहेत," पाठमोरेच ते म्हणाले. "पाचांना लस द्या. कोरड्या सिरिंजेनं, तुमच्या हातानं. लेबलं राहू द्या."

"आणि सहावा?"

"सहाव्याला मी टोचणार. लस नाही, नुसतं सलाइन. माझ्या उकळलेल्या सिरिंजेनं." ते वळले. "तुमचं खरं असेल तर मिठाच्या पाण्यानं तो तापला पाहिजे. पाच तापले नाहीत तर निम्माच पुरावा झाला. मला उरलेला निम्माही हवा."

त्या वाक्याला मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. मग लगेच भीती वाटली. कारण पाचांतले तापले, तर दाखवायला दुसरा ससा उरणार नव्हता आणि बॅच गटारात जाणार होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी ससेघरात आम्ही चौघं होतो. सहा पेट्या ओळीनं. मी एकेका सशाचा कान स्पिरिटनं पुसला, शीर फुगेपर्यंत बोटानं चोळली आणि कोमट केलेली लस सावकाश सोडली. सहाव्या पेटीशी डॉक्टर बसले. त्यांनी सिरिंज स्वतः उकळून आणली होती, नेहमीसारखीच, विहिरीच्या पाण्यात. मिठाचं पाणी टोचून झाल्यावर त्यांनी सशाच्या डोक्यावर बोट फिरवलं. असं त्यांना कधी कोणी पाहिलं नव्हतं.

मग बसायचं. या कामात बसणं हेच काम. डॉक्टर म्हणाले, थर्मामीटर मी वाचणार, दुसरं कोणी नाही. दर खेपेला ते सहा पेट्यांवरून जात, आकडा पुटपुटत आणि मी लिहून घेत असे. पाष्टे ससे धरत होते, श्वाससुद्धा हळू घेत होते. परकारभाई स्टुलावर डोळे मिटून बसले होते. त्यांच्या बोटांतली तसबीहची माळ मात्र फिरत होती.

पहिली फेरी. सगळे होते तिथेच.

दुसऱ्या फेरीत चौथ्या पेटीशी डॉक्टर थांबले. थर्मामीटर खिडकीकडे धरून पुन्हा बघितला. "चढलाय," ते म्हणाले.

परकारभाईंचे डोळे उघडले.

"किती?" मी विचारलं.

"थोडा. पण चढलाय."

मी पुढे झाले आणि चौथ्याचा कान धरला. कान ऊबदार होता. ताप चढत असता तर गार पडला असता. तेवढ्यात तो ससा पेटीत असा काही उधळला की पाष्ट्यांना दोन्ही हातांनी दाबावं लागलं, आणि मला दिसलं, पेटीची मागची फळी सरकून त्याची शेपटी चिमटली होती.

"तो तापला नाही, चिडलाय," मी म्हटलं. "माझ्यासारखा."

पाष्ट्यांनी फळी सोडवली. पुढच्या फेरीला चौथ्याचा पारा होता तिथे परत आला. डॉक्टरांनी तो आकडा दोनदा म्हणून दाखवला, जणू मी बहिरी होते.

मग ते सहाव्या पेटीशी गेले. थर्मामीटर लावला, काढला, बघितला. सशाचे दोन्ही कान तळहातांत धरले. मला वाचून दाखवायची गरजच उरली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की कान बर्फासारखे झालेत.

"लिहा," ते म्हणाले आणि आकडा सांगितला. भरपूर मोठा होता. त्यानंतरच्या फेरीला आणखी मोठा.

पाच ससे शेवटपर्यंत तापले नाहीत. आधीच्या दोघांचा ताप धरूनसुद्धा आठ सशांची बेरीज आठांच्या मर्यादेत बसली. मी बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा तीच आली आणि मग मात्र मला राहवलं नाही. मोठ्यानं बोलायची बंदी असलेल्या त्या ससेघरात मी चक्क ओरडले, "पास! परकारभाई, पास!"

साही ससे एकदम पेटीत उडाले. परकारभाई उठले, बसले, पुन्हा उठले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मोठा पहाडी माणूस, रडताना खांदे हलत होते. पाष्टे सहाव्या सशाला पेटीतून काढून पोटाशी धरून उभे होते.

मी माझा उजवा हात पाष्ट्यांच्या नाकासमोर धरला. "हा बघा. बाईमाणसाचा हात. पाच टोचले, एक तापला नाही."

"आन जो तापला तो डाक्टरच्या हातानं," पाष्टे म्हणाले आणि मग काय बोलून गेलो ते लक्षात येऊन जीभ चावली.

टिपणीस डॉक्टरांना ते ऐकू गेलं होतं. ते सहाव्या पेटीशीच बसलेले होते.

"खरं आहे त्यांचं," ते म्हणाले. "परकार, तुमच्या आधीच्या दोन बॅचा चांगल्या होत्या. मी ओतल्या. मी तुमच्या घोड्यांचा आणि तुमचा गुन्हेगार आहे."

परकारभाईंनी डोळे पुसले. "साहेब, ही वाचली ना? मग आता बोलत बसू नका. गाडी सोडू?"

"सोडा. आत्ताच्या आत्ता सोडा." आणि मग माझ्याकडे वळून, कडक आवाजात, पण कडकपणा जमेना असं: "रणपिसे, उद्यापासून सिरिंजा कशा वापरायच्या ते तुम्ही ठरवायचं. मला विचारायचं नाही. सांगायचं."

अर्ध्या तासात जीप खोकी घेऊन फाटकाबाहेर पडली. आम्ही चौघं पायरीवर उभे राहून बघत होतो. मला पुढे आयुष्यात बढत्या मिळाल्या, एकदा दिल्लीला जाऊन शालही घेऊन आले, पण त्या चिखल उडवत गेलेल्या जीपकडे बघताना ऊर जसा भरून आला तसा परत कधी आला नाही.

डॉक्टर मात्र अजून पुरते सुटले नव्हते. त्यांनी तालुक्याच्या दवाखान्याला निरोप दिला होता: पहिल्या पेशंटला लस दिली की मला फोन करा. त्याला थंडी वाजते का, ताप येतो का, ते सांगा. ससे झाले, आता माणूस हवा.

फोन दोन दिवसांनी दुपारी आला. आम्ही सगळे ऑफिसातच होतो. फोन वाजला की हल्ली सगळेच ऑफिसात जमत.

"हो, टिपणीस बोलतोय," डॉक्टर म्हणाले. पलीकडे कंपाउंडर होता, त्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता इतका तो ओरडून बोलत होता. लावणीवरची बाई. हाताला फुरसं चावलेलं. आणली तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, हात खांद्यापर्यंत सुजलेला, शुद्ध नव्हती. लस शिरेतून दिली.

"थंडी वाजली?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"नाही साहेब."

"ताप?"

"अजिबात नाही. रक्त थांबलं. शुद्धीवर आली. पण साहेब, ती आम्हाला इथं बसू देईना झालीय."

"का? काय झालं?"

"हात सुजला म्हणून आम्ही तिच्या बांगड्या फोडल्या ना. आता शुद्धीवर आल्यापासून नुसत्या शिव्या. ऐका, ऐका तुम्हीच."

पलीकडे फोन कुठेतरी नेल्याचा आवाज आला. मग एका बाईचा आवाज, घोगरा, पण दणदणीत, आमच्या सगळ्या ऑफिसात घुमला.

"मेल्या, तुझा मुडदा बशिवला! माझा दादला जित्ता हाय आन तू माझं चुडं फोडतोस? थांब, उठू दे मला, तुझं टकुरंच फोडते!"

टिपणीस डॉक्टरांनी रिसीव्हर कानापासून लांब केला आणि सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून हात उंच करून हवेत धरला.